ताईच्या आवाजाचे सात दिवस



मागच्या वेळी आपण लोहारकाकांच्या भात्यापाशी बसलो होतो. त्यानंतर आलेल्या पत्रांत तिघाचौघांनी एकच प्रश्न विचारला होता, "कार्टूनमधली पात्रं आपल्या भाषेत कशी बोलतात? त्यांचे आवाज कोण काढतं?" या प्रश्नाचं उत्तर मला पुस्तकात शोधावं लागलं नाही. माझी मावसबहीण मुंबईत हेच काम करते. मे महिन्याच्या सुट्टीत मी आठ दिवस तिच्याकडे डोंबिवलीला राहिले आणि शेपटासारखी तिच्या मागे हिंडले. तिचं नाव मात्र इथे छापणार नाही. "नाव कळलं की मुलांना पडद्यावरचा मुलगा दिसायचा बंद होतो, बाईच दिसायला लागते," असं ती म्हणते. आपण तिला नुसतं ताई म्हणू या.

हो, मुलगाच! ताईने चाळिशी ओलांडली आहे, आणि गेली काही वर्षं ती एका जपानी कार्टूनच्या हिंदी अवतारात दहा वर्षांच्या खोडकर मुलाचा आवाज काढते. यात काही नवल नाही बरं का. अमेरिकेतल्या 'सिम्पसन्स'मधला बार्ट हा द्वाड पोरगा नॅन्सी कार्टराइट नावाच्या बाईंचा आवाज घेऊन बोलतो. जपानमध्ये मासाको नोझावा या बाईंनी १९८६ साली 'ड्रॅगन बॉल'मधल्या गोकूला आवाज दिला. तेव्हा त्या पन्नाशीच्या होत्या! बायकांना मुलग्यांचे आवाज का देतात, याचं कारण पुढे येईलच. तोवर जरा डोकं चालवा.

आता सोमवार. ताई सकाळी सातच्या सुमाराला लोकल पकडते. दादरला गाडी बदलायची आणि अंधेरीला उतरायचं. आवाजाचे बरेचसे स्टुडिओ अंधेरी पश्चिमेला, ओशिवरा-वर्सोवा भागात आहेत. बायकांच्या डब्यात गप्पांचा नुसता गलका, आणि आमची ताई तोंडाला कुलूप लावून बसलेली. तिच्या रोजच्या मैत्रिणींना हे ठाऊक आहे. त्या तिला खुणेनेच 'चहा घेतलास का' विचारतात. मला आधी हा फाजील लाडच वाटला. मग ताईने कारण सांगितलं. आजूबाजूला गोंगाट असला की आपण नकळत आवाज चढवतो. एत्येन लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली ही गोष्ट नोंदवली. धडधडत्या गाडीत तासभर गप्पा मारल्या तर घसा स्टुडिओत पोचायच्या आधीच दमतो. हे ऐकून मी मनातल्या मनात आमच्या शाळेचा पत्र्याचा वर्ग आठवला. शेजारी दुसरीचे पाढे चाललेले, वरून पाऊस, आणि मी खच्चून ओरडतेय! आम्ही शिक्षकही घशावरच पोट भरतो, पण त्याची काळजी कुणी शिकवत नाही. डी.एड.ला खडू कसा धरायचा ते शिकवलं, घसा कसा सांभाळायचा ते नाही.

दादरच्या फलाटावर 'यात्रीगण कृपया ध्यान दें' सुरू झालं तेव्हा ताईने बोटाने वर दाखवलं. ती घोषणा तुम्हीही ऐकलीच असेल. मध्य रेल्वेवर १९८२ साली सरला चौधरी घोषणा करायच्या कामाला लागल्या, आणि त्यांचा आवाज पुढे देशभरच्या स्टेशनांवर पोचला. कितीतरी माणसांनी तो ऐकून गाड्या पकडल्या, पण समोर आल्या तर कोण ओळखणार? ताईच्या धंद्यातलं हे सगळ्यात मोठं नाव, असं ती मानते. मी तिला म्हटलं, "अगं, शरद केळकर नाही का?" 'बाहुबली' हिंदीत आला तेव्हा, २०१५ साली, बाहुबलीला आवाज त्यांनीच दिला होता. तरुणपणी आपण बोलताना अडखळायचो, हे त्यांनीच मुलाखतींमधून सांगितलंय. तुमच्यापैकी कुणी अडखळत बोलत असेल, तर हे दोनदा वाचा.

स्टुडिओ म्हणजे मला वाटलं होतं मोठा दिवाणखाना असेल. प्रत्यक्षात आमच्या स्वयंपाकघराएवढी खोली, भिंतींना जाड कापडी गाद्या, मध्ये माइक, माइकपुढे कापडाची चकती. 'प' आणि 'फ' म्हणताना तोंडातून जो वाऱ्याचा फटका येतो, तो ही चकती अडवते. (तोंडासमोर तळहात धरा आणि 'फटाका' म्हणा, लगेच कळेल.) काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट आणि दिग्दर्शक. ताईने आधी बांगड्या काढल्या, घड्याळ काढलं. कपडे सुती, कारण रेशमी कापड सळसळतं. सकाळी पोटभर नाश्ता केलेला, कारण उपाशी पोट गुरगुरतं आणि तो माइक इतका तिखट कानाचा की पोटातली गुरगुरही टिपतो! पिशवीत पाण्याची बाटली आणि एक हिरवं सफरचंद. तोंड कोरडं किंवा चिकट झालं की बोलताना बारीक 'टक टक' असा आवाज येतो. सफरचंदाच्या आंबट फोडीने तो जातो.

काम असं चालतं. पडद्यावर एक वाक्य दाखवतात, मूळ जपानी वाक्य हेडफोनमध्ये ऐकू येतं. मग तेच चित्र पुन्हा लावतात आणि ताई हिंदी वाक्य बोलते. थोडं मागेपुढे झालं की पुन्हा. पूर्वी फिल्मचा तेवढा तुकडा गोल चिकटवून पुन्हा पुन्हा फिरवत, म्हणून एकेका तुकड्याला अजूनही 'लूप' म्हणतात. फिल्म गेली, नाव राहिलं. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं सरकतात. त्यातल्या तीन-चार चित्रांइतका आवाज पुढे आला तरी बघणाऱ्याला खटकतं.

आता तुमचं व्याकरण काढा. ओष्ठ्य व्यंजनं कोणती? प, फ, ब, भ, म. शाब्बास! ही म्हणताना ओठ मिटावेच लागतात. आरशासमोर उभे राहा आणि आधी 'आता काय करायचं' म्हणा, मग 'बाबा, पाणी पाहिजे' म्हणा. पहिल्या वाक्यात ओठ एकदाही मिटत नाहीत, दुसऱ्यात चार वेळा मिटतात. आता समजा, पडद्यावरच्या माणसाचे ओठ वाक्याच्या शेवटी मिटले आणि आपलं वाक्य 'आता काय करायचं' असलं, तर काय होईल? तोंड बंद आणि शब्द चालू! मग भाषांतर करणारा ते वाक्य 'आता करायचं काय मग' असं फिरवतो. 'मग'मधल्या 'म'ने ओठ मिटतात आणि अर्थही तोच राहतो. म्हणजे भाषांतर करणाऱ्याला शब्दांच्या अर्थाबरोबर त्यांचा आकारही तोलावा लागतो. कार्टूनमध्ये तोंड नुसतं उघडमीट करतं, तिथे वाक्याची लांबी जुळली की भागतं. माणसांच्या सिनेमात चेहरा जवळून दाखवला की खरी परीक्षा.

आणि मराठी माणसाला हिंदीत काम करताना आणखी एक अडचण. आपला 'चोर' आणि त्यांचा 'चोर' सारखा नाही. आपण दातांमागून 'त्स'सारखा च काढतो, ते टाळूवरून. सोमवारी दिग्दर्शकाने ताईला एकाच शब्दावर चार वेळा थांबवलं. वीस वर्षं काम करूनही! ताईने कपाळाला आठी न घालता पाचव्यांदा म्हटलं. वर्गात दोनदा शुद्धलेखन लिहायला सांगितलं की तोंड वाकडं करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. नावं घेत नाही मी कुणाची.

मला सगळ्यात चकित केलं ते वेगळ्याच गोष्टीने. पडद्यावर ताईचा मुलगा आणि त्याचा मित्र कडकडून भांडत होते. प्रत्यक्षात मित्राचा आवाज काढणारा माणूस तिथे नव्हताच. तो शुक्रवारी येणार होता, एकटा. ताईने त्याला वर्षभरात दोनदा पाहिलंय. सगळे आपापली वाक्यं एकेकटे बोलून जातात आणि रेकॉर्डिस्ट ती जोडतो. भिंतीशी भांडायचं आणि खोटं वाटू द्यायचं नाही!

हे तंत्र नव्हतं तेव्हा काय करत असतील? व्ही. शांताराम यांनी प्रभात कंपनीत १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट काढला. तोच हिंदीतही हवा होता. मग काय, अख्खा सिनेमा दोन्ही भाषांत वेगवेगळा काढला!

मंगळवारी नुसता आरडाओरडा. जिन्यावरून पडणं, धापा टाकणं, पाण्यात गटांगळ्या (तोंडात पाण्याचा घोट धरून), शेवया ओरपणं. याला तिथे 'एफर्ट' म्हणतात. किंचाळ्या नेहमी दिवसाच्या शेवटी घेतात, कारण त्यानंतर त्या दिवसापुरता घसा संपतो. बायकांच्या घशातल्या स्वरतंतू सेकंदाला साधारण दोनशे वेळा थरथरतात, लहान मुलांच्या त्याहून जास्त. त्या एकमेकींवर जोरात आपटल्या की सुजतात. ताई घरी आली आणि झोपेपर्यंत पाटीवर लिहून बोलली. कुजबुजत का नाही बोलत, असं मी विचारलं. तिने पाटीवर लिहिलं, 'कुजबुजीनेही ताण पडतो'. खाकरणंही वाईट म्हणे. त्यापेक्षा घोटभर पाणी प्यावं.

बुधवारी काही नाही. खरंच काही नाही. फोन वाजला नाही. ताईने विजेचं बिल भरलं, पापड वाळत घातले, तीन महिन्यांपूर्वी केलेल्या एका कामाचे पैसे मागायला एका कंपनीला फोन केला, "पुढच्या आठवड्यात" असं उत्तर ऐकलं. या धंद्यात पगार नाही. काम केलं त्या दिवसाचे पैसे, तेही येतील तेव्हा. तिचं कार्टून टीव्हीवर शंभर वेळा लागलं तरी तिला पैसे एकदाच मिळाले.

आणि मग गुरुवार. तुम्हाला खरं सांगायचं होतं ते हेच.

स्टुडिओबाहेरच्या बाकड्यावर एक तेरा वर्षांचा मुलगा आईबरोबर बसला होता. तो नववं वर्ष लागल्यापासून एका कार्टूनमधल्या छोट्या मुलाचा आवाज काढायचा. ताईला पाहून उठला आणि "नमस्ते मावशी" म्हणाला. 'नमस्ते' बारीक आवाजात आणि 'मावशी' एकदम जाडा! बाकीचे हसले. त्याचे कान लाल झाले.

तुमच्यातल्या मोठ्या मुलांना हे माहीत असेल. बारा-तेराच्या आसपास मुलग्यांचा स्वरयंत्राचा डबा वाढतो, गळ्यावर उंचवटा दिसू लागतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही बदलतो, पण थोडासाच. मधल्या काही महिन्यांत आवाज कधी इकडे तर कधी तिकडे घसरतो. हा आजार नाही, यात लाजण्यासारखंही काही नाही. पण त्या मुलाचं काम गेलं. कार्टूनमधला मुलगा सहा वर्षांचा तो सहाचाच राहतो, खरा मुलगा वाढतो. बायकांना मुलग्यांचे आवाज का देतात, कळलं ना आता?

काम जाणं समजण्यासारखं होतं. पण एका कंपनीने त्याच्या आईपुढे एक कागद ठेवला होता. चार वर्षांची त्याची जी रेकॉर्डिंग आहेत ती संगणकाला शिकवायची, म्हणजे संगणक त्याच्या जुन्या बारीक आवाजात हवं ते बोलेल. पैसे एकदाच मिळतील, पण बरेच. ताईच्या तीन महिन्यांच्या कमाईइतके. आईने तो कागद ताईपुढे धरला. तो इंग्रजीत होता. ताईने सावकाश वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. आवाज कायमचा, जगभर, आज असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या सगळ्या साधनांत, कुठल्याही कामासाठी वापरता येईल, असं त्या ओळीत होतं.

"कुठल्याही म्हणजे?" आईने विचारलं.

"कुठल्याही म्हणजे गुटख्याची जाहिरातसुद्धा," ताई म्हणाली.

मुलगा इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "मग माझ्या मित्रांना वाटेल मीच बोलतोय. आणि मी तर बोललेलोच नसणार."

मुलांनो, यंत्राने आवाजाची नक्कल करणं ही आता गंमत राहिलेली नाही. 'स्टार वॉर्स'मधल्या डार्थ व्हेडरचा घनगंभीर आवाज १९७७ पासून जेम्स अर्ल जोन्स यांचा. २०२२ साली नव्या मालिकेसाठी तो संगणकाकडून करून घेतला, तेव्हा जोन्स नव्वदीला पोचले होते. पण त्यांना विचारून, त्यांच्या संमतीने केला. उलट २०२४ साली गायक अरिजित सिंग यांना मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं, आणि त्यांच्या परवानगीशिवाय त्यांचा आवाज यंत्राने बनवायला न्यायालयाने मनाई केली. २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या बाबतीतही तसाच आदेश झाला. अमेरिकेत व्हिडिओ गेममध्ये आवाज देणारे कलाकार याच प्रश्नावर जुलै २०२४ पासून जवळजवळ अकरा महिने संपावर होते. अरिजित सिंगांकडे वकील आहेत. बाकड्यावरच्या त्या आईकडे ताई होती.

"सही करू नका असं मी सांगणार नाही," ताई म्हणाली. "घरात पैसे लागतात, ते मला कळतं. पण कोणत्या कामाला, किती वर्षं, आणि दर वेळी किती पैसे, हे लिहून मागा. आणि कागद मराठीत मागा." मला वाटलं होतं ताई ठणकावून 'नाही' म्हणेल. ती म्हणाली नाही. तिच्या जागी मी असते तर म्हटलं असतं, पण मला दर महिन्याला पगार मिळतो.

परतताना गाडीत ताईने नियम मोडून मला एक गोष्ट सांगितली. बग्ज बनी या सशाचा आवाज काढणारे मेल ब्लँक यांना १९६१ साली लॉस एंजलिसमध्ये मोटारीचा भयंकर अपघात झाला. दोनेक आठवडे ते बेशुद्ध होते. नावाने हाका मारून काही होईना. मग एका डॉक्टरांनी 'बग्ज बनी, आज कसं काय?' असं विचारलं, आणि मेल ब्लँक सशाच्या आवाजात उत्तरले! पुढे प्लॅस्टरमध्ये पडल्या पडल्याच त्यांनी पलंगाजवळ माइक लावून काम केलं. "त्यांच्या आवाजातून ससा आला की सशाने त्यांना परत आणलं, कोण जाणे," ताई म्हणाली आणि ठाणं येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

शुक्रवारी एका साबणाची जाहिरात. दहा सेकंदांची, चाळीस टेक. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की 'ताजं' हा शब्द किती तऱ्हांनी म्हणता येतो ते मला कळलं.

शनिवारी ताई घरीच रेकॉर्डिंग करते. दृष्टिहीन मुलांसाठी आठवीचं विज्ञान वाचते, पैसे न घेता. वरळीच्या नॅब संस्थेत अशी बोलती पुस्तकं होतात हे मला माहीत होतं, पण कपाटात होतात हे नव्हतं! ताईने २०२० च्या टाळेबंदीत कपड्यांच्या कपाटाचा स्टुडिओ केला. तेव्हा अनेकांनी केला. आत साड्या टांगलेल्या, डोक्यावरून आमच्या मावशीने शिवलेली गोधडी, पंखा बंद, आणि बाहेर मे महिना. वीस मिनिटांनी ताई बाहेर आली की घामाने निथळत असायची. पन्ह्याचा पेला घ्यायचा, पण बर्फाशिवाय. त्यातच समोरच्या आंब्यावरची कोकीळ! एरवी आपल्याला केवढी आवडते, पण 'आम्ल आणि आम्लारी' मध्ये तिचं काय काम? तिचं संपेपर्यंत थांबायचं आणि वाक्य पहिल्यापासून घ्यायचं.

पुस्तकात हृदयाची आकृती होती. ती कशी वाचणार? मी म्हटलं, "सोडून दे." ताई म्हणाली, "तू वर्गात सोडून देतेस का?" मग आम्ही दोघींनी बसून आकृती शब्दांत मांडली. मूठ वळा, ती छातीच्या मध्याच्या किंचित डावीकडे धरा, आता या मुठीत चार खोल्या आहेत, दोन वर, दोन खाली. असं करत करत अर्ध्या पानाच्या आकृतीला दीड तास लागला. जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी ती तशीच, फळ्यावर न काढता, आधी डोळे मिटायला लावून वर्गात सांगितली. मुलं मुठी धरून बसली होती.

रविवारी ताई गप्प. दुपारी त्या मुलाच्या आईचा फोन आला. तिने कंपनीकडे मराठी कागद मागितला होता. 'पाठवतो' म्हणाले होते. मुलगा मागून काहीतरी ओरडत होता, जाड्या आवाजात. ताईने फोन माझ्याकडे दिला. त्याला विचारायचं होतं की जत्रेच्या गर्दीत ओरडायला माणसं लागतात ती कुठल्या दिवशी बोलावतात. ताईने पाटीवर लिहिलं, 'मंगळवार, अकरा वाजता. पाणी घेऊन ये.'

मी सोमवारी गावी निघाले, तोवर मराठी कागद आलेला नव्हता.